जहाज आपल्यासाठी थांबत नाही: अमाल्फीच्या किनाऱ्यावरचा एक दिवस आणि आपलं कोटेशन



समजा तुमचं दुकान अशा जागी आहे की सकाळी सात वाजता दारात तीन-चार हजार गिऱ्हाइकं उतरतात. सगळी सुट्टीच्या मूडमध्ये, खिशात पैसे, हातात मोबाइल. पण संध्याकाळी साडेपाचला त्यातलं एकूण एक माणूस परत जाणार. आणि त्यातले बहुतेक आयुष्यात पुन्हा तुमच्याकडे येणार नाहीत. मग तुम्ही काय विकाल? आणि कसं विकाल?

ही कल्पना नाही. इटलीत नेपल्सच्या बंदरावर क्रूझच्या सीझनमध्ये असंच चालतं. या आठवड्याच्या व्हिडिओत मी तिथला अर्ध्या मिनिटाचा तुकडा दाखवला होता, धक्क्यावर पाट्या धरून उभे असलेले ड्रायव्हर. व्हिडिओत बाकीचं मावलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. यात फिरायला कुठे जावं हा विषय नाही. एका माणसाच्या एका व्हॅनच्या धंद्याबद्दल आहे, आणि त्या धंद्याने माझ्या साताऱ्यातल्या दुकानाच्या कोटेशनची पहिली ओळ कशी बदलली त्याबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. क्रूझ म्हणजे तरंगतं हॉटेल. रात्री जहाज चालतं, सकाळी एका बंदराला लागतं, प्रवासी दिवसभर उतरून फिरतात, संध्याकाळी परत चढतात. या दिवसभराच्या फिरण्याला शोअर एक्सकर्शन म्हणतात. नेपल्सला जहाज लागलं की लोकांसमोर तीन-चार पर्याय असतात: पॉम्पेई, व्हेसुव्हियस, काप्री बेट, नाहीतर अमाल्फीचा किनारा. अमाल्फीचा किनारा म्हणजे डोंगर थेट समुद्रात उतरलेला, त्याच्या अंगावर चिकटवल्यासारखी गावं, आणि मधून कोरून काढलेला पन्नासेक किलोमीटरचा एकच रस्ता. १९९७ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आम्ही सहा जण होतो. सासू-सासरे, आम्ही दोघं, आणि म्युनिकला राहणारे दीर-जाऊ. आई-अण्णांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून दिरांनी हे सगळं ठरवलं होतं. अण्णा म्हणजे माझे सासरे, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. हे सांगायला हवं, कारण पुढे त्याचा संबंध येतो. बस सुटायच्या वेळेच्या बाबतीत तो माणूस घरातही डेपोत असल्यासारखाच वागतो.

जहाजाच्या कंपनीची स्वतःची अमाल्फी ट्रिप असते. ती जहाजावरच बुक करता येते. आणि बाहेर, गावात, खासगी ड्रायव्हर असतात, ज्यांच्याकडे एक व्हॅन असते नाहीतर दोन. दिरांनी खासगी व्हॅन घेतली होती. अण्णा नाराज. "कंपनीची गाडी उशिरा आली तर जहाज थांबेल. या पोराची गाडी उशिरा आली तर?" प्रश्न अगदी बरोबर होता. क्रूझचा नियमच तसा आहे. कंपनीच्या स्वतःच्या ट्रिपला उशीर झाला तर जहाज वाट बघतं, नाहीतर तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. स्वतःच्या हिमतीवर फिरायला गेलात आणि उशीर झाला, तर जहाज सुटतं. मग पुढच्या बंदराचं विमान, ट्रेन, हॉटेल, सगळं तुमच्या खिशातून.

माणशी की गाडीमागे?

मग लोक खासगी व्हॅन का घेतात? इथे जरा कागद-पेन घ्या. आकडे मी गणित सोपं पडावं म्हणून धरलेले आहेत, तिथले रेट म्हणून लक्षात ठेवू नका.

कंपनीची ट्रिप माणशी १५० युरो धरा. खासगी व्हॅन दिवसाचे ६०० युरो धरा. दोन जण असतील तर कंपनीकडे ३००, व्हॅनवाल्याकडे ६००. म्हणजे नवराबायको दोघंच असतील तर व्हॅनवाल्याचा विषय संपला. चार जण असतील तर दोन्हीकडे ६००. सहा जण असतील तर कंपनीकडे ९०० आणि व्हॅनवाल्याकडे तेच ६००. आठ असतील तर १२०० विरुद्ध ६००.

बघा काय झालं. व्हॅनवाल्याने कंपनीपेक्षा भाव कमी केलेला नाही. त्याने भाव मोजायची पट्टी बदलली. कंपनी माणूस मोजते, तो गाडी मोजतो. त्यामुळे त्याला काहीही न करता एक विशिष्ट गिऱ्हाईक मिळतं: चाराहून मोठं कुटुंब. दोघा-दोघांच्या मागे तो धावतच नाही. आपल्या बॅचमध्ये दर वेळी कोणीतरी विचारतं, "ताई, मोठ्या दुकानाच्या रेटला मी कसा टिकू?" त्याच्या रेटला टिकूच नका. तुमची पट्टी कुठली, आणि त्या पट्टीवर कोणतं गिऱ्हाईक तुमच्याकडे स्वस्तात पडतं, ते शोधा. टिफिनवाल्या माणशी भाव लावतात. एखादी जण 'घरामागे महिन्याचा' भाव लावून बघेल का?

पण भाव हा अर्धा भाग. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर भावात नव्हतं. ते त्या ड्रायव्हरच्या ईमेलमध्ये होतं. दिरांनी तो मेल मला दाखवला आणि मी तो दोनदा वाचला. पहिली ओळ पोसितानो, अमाल्फी, रावेल्लो अशी नव्हती. समुद्र किती निळा आहे तेही नव्हतं. पहिली ओळ अशी होती: तुमच्या जहाजाची परत चढायची वेळ ५.३० आहे, मी तुम्हाला ४.४५ ला धक्क्यावर सोडेन. दुसरी ओळ: त्यासाठी रस्त्यावर जे बदलावं लागेल ते मी बदलेन, न विचारता. तिसरी: हवामानामुळे जहाज बंदराला लागलंच नाही तर मला काहीही देऊ नका. चौथी: पैसे दिवसाच्या शेवटी. गावांची नावं त्यानंतर होती.

अण्णांनी मेल वाचून घेतला आणि एवढंच म्हणाले, "बरं. हा माणूस डेपोत चालला असता."

विकत काय घेतलं जातं

सकाळी आठला आम्ही निघालो. मागे व्हेसुव्हियस, पुढे हायवे, मग सोरेंतोकडे वळणारा रस्ता, आणि डोंगर ओलांडून पोसितानोच्या बाजूला उतरलो. दीड तासाच्या वर गेला. अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, आणि रस्ता सुरू झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कॅमेऱ्यात पकडायला हवं होतं. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट त्यांना पाठ आहे. इथे तसाच घाट, पण खाली दरीऐवजी समुद्र. वळणांवर आरसे, प्रत्येक वळणाआधी हॉर्न, आणि समोरून लाइन बस आली की कोणीतरी मागे घेणार. एकोणिसाव्या शतकात हा रस्ता झाला. त्याआधी या गावांना होडी नाहीतर खेचराची वाट. तो घोडागाड्यांच्या काळातला रस्ता आहे, त्यावर आता अख्ख्या जगाच्या बसेस.

एक साधी गोष्ट त्याने सांगितली. इटलीत गाडी उजव्या बाजूने चालते. पोसितानोकडून अमाल्फीकडे गेलं तर समुद्र उजवीकडे राहतो, म्हणजे आपली गाडी कड्याच्या बाजूच्या लेनमध्ये. उलट गेलं तर मधे अख्खी समोरची लेन. फोटो काढायला थांबायचं झालं तरी सोयीचं. म्हणून आधी पोसितानो. गिऱ्हाइकाला हे कधी कळतही नाही, त्याला फक्त 'व्ह्यू छान होता' एवढं आठवतं.

आणि परतताना तो किनाऱ्याने येतच नाही. अमाल्फीच्या पुढून रावेल्लोकडे वर चढायचं, तिथून साडेसहाशे मीटर उंचीची किउन्झीची खिंड ओलांडायची आणि पलीकडे थेट हायवेवर उतरायचं. दुपारनंतर किनाऱ्याचा रस्ता तुंबतो हे त्याला माहीत आहे. इथे गर्दी एवढी, की उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी खासगी गाड्यांना नंबरप्लेटप्रमाणे सम-विषम तारखा लावतात, सकाळी १० ते संध्याकाळी ६. परवानाधारक ड्रायव्हरच्या गाड्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे गर्दी हा त्या गावांचा त्रास, पण परवाना असलेल्या माणसासाठी तोच संरक्षणाचा कठडा. भाड्याने गाडी घेऊन स्वतः चालवणाऱ्या पर्यटकाला तो दिवस बंद. परवाना, लायसन्स, एफएसएसएआय, हे 'सरकारी झंझट' म्हणून टाळणाऱ्यांनी या वाक्याशी जरा थांबा.

पोसितानोची कथा तुम्हाला आवडेल. वस्ती जेमतेम चार हजारांची. एकोणिसाव्या शतकात इथली निम्मीअधिक माणसं पोट भरायला अमेरिकेला निघून गेली होती. १९५३ साली अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेकने एका फॅशन मासिकात या गावावर लेख लिहिला आणि बाहेरच्या जगाची नजर इकडे वळली. आता मजुरांऐवजी पर्यटक जहाजाने येतात.

तिथे गल्लीत चामड्याच्या चपला करणारे कारागीर आहेत. तुम्ही पाय ठेवायचा, पट्टा निवडायचा, आणि तो तुमच्यासमोर ठोकून देतो. आईंनी केल्या. पंधरा-वीस मिनिटं लागली. आता कोल्हापुरीच्या कारागिराला हे दाखवलं तर तो हसेल, आणि त्याचं हसणं बरोबर आहे. आपल्या चपलेत हातकाम कितीतरी जास्त. पण मी घड्याळ बघत होते. तळवे आधीच कापून तयार, मापाप्रमाणे रचलेले. पट्टे तयार. गिऱ्हाइकासमोर होतं ते फक्त शेवटचं जोडकाम. त्या कारागिराला ठाऊक आहे की समोरच्या बाईकडे गावात दीड तास आहे, त्यातला पाऊण तास ती फोटो काढणार, अर्धा तास चढ-उतारात जाणार. उरलेल्या पंधरा मिनिटांत मावेल एवढंच काम त्याने समोर ठेवलं आहे. माल तोच, पण गिऱ्हाइकाच्या वेळेच्या मापाने बेतलेला.

लिंबाचंही तेच. या किनाऱ्याचं लिंबू लांबट असतं, सालीला दाट वास. 'अमाल्फी किनाऱ्याचं लिंबू' या नावाला २००१ पासून युरोपचं भौगोलिक मानांकन आहे, आपल्याकडे जीआय म्हणतो तसं. डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी बांधून काढून, चेस्टनटच्या लाकडाचे मांडव घालून ही झाडं वाढवतात. ट्रॅक्टर जाऊच शकत नाही. कितीतरी ठिकाणी आजही क्रेट खांद्यावरून उतरवतात. किलोच्या भावाने हे लिंबू विकून तो शेतकरी जगू शकेल? कठीण. पण लिमोन्चेल्लो नावाची जी दारू सगळ्या दुकानांत दिसते ती रसाची नसतेच. पिवळी साल, फक्त साल, आतला पांढरा भाग कडू म्हणून तोही नाही. ती कडक स्पिरिटमध्ये काही दिवस भिजवायची, साखरेचं पाणी घालायचं, झालं. कोकणातल्या वाचकांना हे नवीन नाही. आमसूल म्हणजे कोकमाची सालच की.

गंमत पुढे आहे. बहुतेक क्रूझ कंपन्या बाहेरून घेतलेली दारूची बाटली जहाजावर चढताना ठेवून घेतात आणि शेवटच्या रात्री परत देतात. लोकांना ते माहीत असतं, त्यामुळे बाटली घ्यायला हात कचरतो. दुकानदारांनाही ते माहीत आहे. म्हणून बाटलीशेजारी लिंबाचे साबण, लिंबाच्या गोळ्या, लिंबू रंगवलेल्या चिनी मातीच्या बशा. जहाजाच्या गेटवर जे अडत नाही ते सगळं. (आमची एक बाटली अडलीच. दिरांनी ऐकलं नाही.) तुमचं गिऱ्हाईक तुमच्या दुकानातून निघाल्यावर त्याच्या वाटेत कोणतं गेट आहे? बसमध्ये काच चालत नाही? सोसायटीत लिफ्ट नाही? घरी सासूबाई बघणार? मग पॅकिंग आणि माल त्याप्रमाणे.

आपल्याकडेही मुरगावला क्रूझ लागतात, लोक जुन्या गोव्याची चर्चेस आणि मसाल्याच्या बागा बघून संध्याकाळी जातात. गोव्यात, सिंधुदुर्गात काही सुरू करायच्या विचारात असाल तर वरचे दोन परिच्छेद पुन्हा वाचा.

अडीच वाजताचा निर्णय

सव्वाबाराला अमाल्फीला पोचलो. एके काळी व्हेनिस-जेनोआच्या पंगतीत बसणारं व्यापारी राज्य, आज पाचेक हजारांचं गाव. चौकात कॅथेड्रलच्या उंच पायऱ्या, खाली कॉफीची टेबलं. ठरल्याप्रमाणे पावणेदोनपर्यंत वेळ होता. मग रावेल्लो, उंचावरचं गाव, तिथली व्हिला रूफोलोची बाग. १८८० मध्ये संगीतकार वॅग्नर ती बघून इतका भारावला की त्याच्या ऑपेरातली जादूची बाग त्याला तिथे सापडली. माझी जाऊ म्युनिकमध्ये पियानो शिकवते. तिच्यासाठी अख्ख्या ट्रिपमधलं तेच मुख्य होतं. हेही लक्षात ठेवा.

एक वाजून दहा मिनिटांनी ड्रायव्हर आम्ही बसलो होतो तिथे आला. पुढे आत्रानीच्या वळणावर एक ट्रक आणि एक बस समोरासमोर अडकलेत, त्याला दुसऱ्या ड्रायव्हरचा फोन आला होता. म्हणाला, दहा मिनिटांत निघू. आमचं जेवण यायचं होतं. ते पार्सल घेतलं, म्हणजे जे घेता आलं ते.

आत्रानी अमाल्फीला लागून आहे, चालत दहा मिनिटं. आम्हाला गाडीत सव्वा तास लागला. मागे गाड्या, पुढे गाड्या, एका बाजूला डोंगर. आईंना मळमळायला लागलं. अण्णा दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून काही बोलत नव्हते, आणि ते न बोलणं जास्त त्रासाचं होतं. माझ्या डोक्यात एकच: पासपोर्ट, औषधं, आईंच्या बीपीच्या गोळ्यांचा मोठा डबा, सगळं केबिनमध्ये.

अडीचच्या पुढे गाडी सुटली. रावेल्लोच्या फाट्याला आम्ही वळलो, वर चढलो. गावाची पाटी आली. आणि त्याने गाडी थांबवली नाही.

जाऊ म्हणाली, "वीस मिनिटं. फक्त बाग." तो म्हणाला, नाही. ती पुन्हा म्हणाली. त्याने एवढंच सांगितलं, खिंडीच्या पलीकडे काय आहे मला अजून माहीत नाही. पुढे मिनोरीजवळ तो आम्हाला चिनी मातीच्या एका दुकानात नेणार होता, सकाळी बोलला होता. अशा दुकानांकडून ड्रायव्हरला काही ना काही मिळतं, हा धंदा जगभर तसाच आहे. तो थांबाही त्याने सोडला. म्हणजे आमच्याबरोबर स्वतःचंही काही कापलं.

खिंडीच्या पलीकडे काहीही नव्हतं. रस्ता मोकळा. चार पंचविसाला आम्ही नेपल्सच्या धक्क्यावर होतो. साडेपाचला परत चढायची वेळ.

आता भांडण. जाऊचं म्हणणं: वीस मिनिटं थांबलो असतो तरी पावणेपाचला पोचलो असतो, म्हणजे याच्या स्वतःच्याच लिहिलेल्या वेळेत. हिशेब अगदी बरोबर. रावेल्लो दाखवलं नाही तर पैसे कमी घे, हेही तिचं म्हणणं. दीर मधे अडकलेले. ड्रायव्हरने आवाज चढवला नाही आणि पैसेही कमी केले नाहीत. म्हणाला, "चार पंचवीस हे मला आत्ता कळलं. अडीचला माहीत नव्हतं." आणि मोबाइलवर मेल उघडून पहिली ओळ दाखवली.

पूर्ण पैसे दिले. अण्णांनी वर वीस युरो काढून दिले आणि जाऊने ते बघितलं. रात्रीच्या जेवणाला दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

मी डेकवर उभी होते. साडेपाच झाले. कंपनीच्या दोन बसेस आल्या नव्हत्या, बहुधा त्याच ट्राफिकमध्ये होत्या. जहाज थांबलं. कोणी घाबरलं नाही. पावणेसहाला एका टॅक्सीतून दोन जण धावत आले, कंपनीच्या बसेससाठी शिडी अजून लावलेली होती म्हणून केवळ ते चढू शकले. सहाच्या सुमाराला बसेस आल्या, लोक आरामात उतरले, कोणाच्या हातात रावेल्लोची पिशवी होती. म्हणजे त्यांनी रावेल्लो बघितलं होतं!

इथे मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. कंपनीने माणशी जास्त घेतले ते फुकट घेतले नव्हते. तिच्या हातात जहाज थांबवायची ताकद आहे आणि ती ताकद तिने विकली. आमच्या ड्रायव्हरच्या हातात ती नाही, कधीच येणार नाही. त्याच्याकडे एकच गोष्ट आहे, लवकर निघणं. तो आपला शब्द पाळतो तो वेळेचा गठ्ठा शिल्लक टाकून, आणि त्या गठ्ठ्यासाठी त्याला दर वेळी काहीतरी कापावं लागतं. त्या दिवशी रावेल्लो कापलं गेलं. एखादं जहाज चुकलं तर त्याची एक व्हॅन, त्याचे रिव्ह्यू, सगळं एका संध्याकाळी संपतं.

माझ्या दुकानातली मुंज

हे सगळं मला इतकं का लागलं ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे एका मुंजीची रिटर्न गिफ्टची ऑर्डर होती. २०० नग. पितळेची छोटी समई, कुंकवाची डबी, आणि वर बटूचं नाव छापलेला बॉक्स. मी काकूंना सांगितलं होतं, आदल्या दिवशी संध्याकाळी कार्यालयात पोचवते. समया आल्या, डब्या आल्या. बॉक्स आले नाहीत. छपाईवाला म्हणाला, उद्या सकाळी नक्की. माझ्याकडे दुकानात साध्या कापडी थैल्या होत्या, दोनशेच्या वर. त्यात भरून मी आदल्या रात्री माल पोचवू शकत होते. पण मला वाटलं, नाव छापलेला बॉक्स हीच तर माझी खासियत. त्याशिवाय कसं द्यायचं?

बॉक्स सकाळी दहाला आले. आम्ही चौघींनी बसून भरले, फार सुंदर दिसत होते. टेम्पो कार्यालयावर पोचला तेव्हा अडीच वाजले होते. पंगती उठल्या होत्या, गावची मंडळी बसने निघून गेली होती. काकू एका खुर्चीवर बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. "ठेव तिकडे," म्हणाल्या. आठ दिवसांनी पैसे पाठवले, पूर्ण. त्यानंतर त्या घरातून, त्यांच्या माहेरातून, त्यांच्या भिशीतून एकही ऑर्डर आली नाही.

दोष छपाईवाल्याचा असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत होते. बॅचमध्येही 'सप्लायर कसा निवडावा' या सेशनमध्ये हे उदाहरण द्यायचे. रावेल्लोची पाटी मागे गेली तेव्हा मला कळलं की उदाहरण चुकीच्या सेशनमध्ये आहे. मी बागेसाठी थांबले होते. जहाज सुटलं होतं.

परत आल्यावर मी कोटेशनचा फॉरमॅट बदलला. आधी वर दुकानाचं नाव, मग मालाचे फोटो, डिझाइन, रेट, आणि अगदी खाली बारीक अक्षरांत 'डिलिव्हरी: ठरल्याप्रमाणे'. आता पहिली ओळ: कार्याच्या आदल्या दिवशी दुपारी ४ पर्यंत माल कार्यालयात. दुसरी ओळ: त्यासाठी गरज पडल्यास बॉक्स, छपाई, रिबन यात बदल होईल, वस्तू आणि संख्या बदलणार नाही. तिसरी: ४ नंतर पोचला तर पॅकिंगचे पैसे नाहीत.

यामुळे सगळं गोड झालं असं नाही. दुसरी ओळ वाचून दोन पार्ट्या गेल्या. एकींचं म्हणणं होतं की रिबनचा रंग साडीला मॅच नसेल तर गिफ्टच नको. त्यांच्या बाजूने ते बरोबर आहे, त्या माझ्या जाऊबाईंच्या जातीच्या. त्यांना मी गमावलं आणि चालतंय. पण आधी सांगून गमावलं.

आणि एक पथ्य. दुसरी ओळ लिहिली म्हणून दर वेळी पॅकिंग ढकलायला मोकळं झालो, असं करू नका. त्या ड्रायव्हरने सकाळी पोसितानोला आईंच्या चपला होईपर्यंत दहा मिनिटं जास्त दिली होती, कारण तेव्हा देता येत होती.

या आठवड्याचं काम: तुम्ही शेवटचं पाठवलेलं कोटेशन किंवा व्हॉट्सॲपवरचा रेटचा मेसेज उघडा. पहिली ओळ काय आहे ते बघा. तुमच्या गिऱ्हाइकाचं जहाज कोणतं, ते तिथे लिहिलंय का? आणि वेळ आली तर तुम्ही काय कापणार, ते दुसऱ्या ओळीत लिहा. बुधवारच्या लाइव्हमध्ये आपण पाच-सहा जणांची कोटेशनं उघडून बघू. माझं जुनं कोटेशनही दाखवेन, ते बारीक अक्षरांसकट.

जाऊबाईंचं सांगायचं राहिलं. अण्णांशी त्या तिसऱ्या दिवशी बोलायला लागल्या. पण फॅमिली ग्रुपवर अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी व्हिला रूफोलोच्या बागेचा एखादा फोटो येतो, खाली काही न लिहिता. अण्णा त्यावर अंगठा दाखवतात.